खांबचा प्रणित

होडीचं नाव काय ठेवायचं असं मोबाइल विचारत होता आणि मितेशला काही सुचत नव्हतं. कंपनीची बस रोह्याकडे निघाली होती, खड्ड्यांतून हेलकावत. खिडकीबाहेर खांब गावाची पाटी आली आणि मागे गेली. त्याने ‘खांब ११’ असं टाईप केलं, स्वतःच्या नावाच्या जागी ‘प्रणित’ लिहिलं आणि बटण दाबलं. फ्रान्समधल्या कुठल्याशा बंदराबाहेर त्याची इवलीशी होडी पाण्यात उतरली.

त्याला होड्यांच्या शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. वेड होतं ते त्याच्या बायकोला, ऋतुजाला. एका होडीत एकच माणूस, फ्रान्सहून निघायचं, कुठेही न थांबता शिडावर पृथ्वीला वळसा घालायचा आणि तिथेच परत यायचं, अशी ती शर्यत. तीन महिने चालणारी. पेणच्या रामवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात ऋतुजा सकाळी चहाचं आधण ठेवून आधी कोण कुठे पोचलं ते बघायची. दिवसभर गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम थंडीतच सुरू होई. जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा नकाशा उघडायची. क्लेअर नावाची पन्नाशीतली एक फ्रेंच बाई तिची लाडकी होती. त्या बाईचं शीड फाटलं तेव्हा ऋतुजा त्या संध्याकाळी जेवली नव्हती.

“आपल्या घरची कोण हाय ती?” मितेश म्हणाला होता.

“कोणी नाय,” ती म्हणाली होती आणि ताट झाकून ठेवलं होतं.

इथवर त्याला चालत होतं. पण यंदा तिने शर्यतीसोबतचा खेळही सुरू केला. खऱ्या होड्या निघाल्या त्याच दिवशी, त्याच समुद्रात, खऱ्याच वाऱ्यावर, जगभरातले लाखो लोक मोबाइलवर आपापली होडी हाकत होते. ऋतुजाच्या होडीचं नाव होतं ‘जनी’. साडेतीन लाखांत तिचा नंबर चार हजारांच्या आसपास होता आणि भारतातल्या होड्यांत पहिला. खेळात गप्पांचा एक गट होता. तिथे कोणी काही लिहिलं की तिचा मोबाइल टुणकन वाजायचा, आणि ती वाचून हसायची. मितेशने ते हसू ओळखायचा प्रयत्न केला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हे हसू त्याच्या ओळखीचं नव्हतं.

म्हणून त्याने होडी घेतली. कोणाशी बोलते ते बघायचं, एवढंच.

गटात संशय घ्यावा असं काही सापडलं नाही. कोचीचा एक निवृत्त मास्तर, गोव्याची दोन पोरं, मस्कतमध्ये नोकरीला असलेला श्रीवर्धनचा खालिद. सगळं वाऱ्याबद्दल. मितेशला हायसं वाटायला हवं होतं. तसं न होता त्याची चिडचिड वाढली. या सगळ्यांशी ती इतकी मोकळी बोलत होती, की वाचताना त्याला आपण परक्याच्या घरात डोकावतोय असं वाटलं.

पाचव्या दिवशी त्याची होडी आफ्रिकेच्या पश्चिमेला एका बेटावर जाऊन आदळली आणि तिथेच बसली. त्याने गटात लिहिलं, होडी हलत नाय.

दोन मिनिटांत ‘जनी’चं उत्तर आलं. “खांब म्हणजे आपल्या कोलाडजवळचं का?”

मितेशने बसमध्ये उगाचच आजूबाजूला पाहिलं. मग लिहिलं, “व्हय. तिथलाच.”

“मी पेणची. घाबरू नका. आधी पश्चिमेला तोंड करा, किनारा सुटू दे. मग वाऱ्याचा कोन एकशे चाळीसवर ठेवा. मी इथून तीन दिवसांपूर्वी गेले, माझ्याच वाटेनं या.”

त्याने तसं केलं. होडी सुटली. रात्री ती पोळ्या करत असताना तो तिच्याकडे बघत राहिला.  आज आपण एका माणसाची होडी सोडवली, हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

मग रोज काहीतरी लिहिणं झालं. प्रणित विचारायचा आणि ती सांगायची. गटातून ते दोघं वेगळ्या खिडकीत बोलू लागले, कारण बाकीच्यांना मराठी येत नव्हतं आणि खालिदला फक्त नंबरात रस होता. एकदा त्याने विचारलं, “जनी कोण?”

 मग एकामागून एक ओळी येत गेल्या.

“माझ्या बाबांचा मचवा. शिडाचा. मिठागरातलं मीठ खाडीतून न्यायचा. आमच्या खाडीत शिडाचा तोच शेवटचा. मी बारा वर्षांची होईपर्यंत बाबा मला सुकाणू धरायला द्यायचे. मग आई म्हणाली, पोर मोठी झाली, आता मचव्यावर नको. दोन वर्षांनी बाबांनी मचवा विकला. बघायला सगळे बंदरावर गेले. मी गेले नाय. घरात तांदूळ निवडत बसले. रडूपण आलं नाय, याचंच मला अजून वाईट वाटतं.”

बस कोलाडच्या चौकात उभी होती. मितेशने ते तीनदा वाचलं. सासऱ्यांचा मचवा होता हे त्याला माहीत होतं. लग्नात कोणीतरी बोललं होतं. त्या मचव्याला नाव होतं, आणि ते नाव गेला दीड महिना आपल्या घरातल्या मोबाइलवर फिरत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी कामावर त्याचं लक्ष लागलं नाही. त्याला प्रणितचा राग आला होता. हे आपल्याला वेड लागल्यासारखं होतंय हे त्याला कळत होतं, पण राग खरा होता. प्रणितला सहा आठवड्यांत मिळालं ते आपल्याला सहा वर्षांत मिळालं नाही. काय आहे त्या प्रणितमध्ये? नोकरी नाही, चेहरा नाही. नीट होडीसुद्धा चालवता येत नाही.

संध्याकाळी तो मागच्या अंगणात गेला, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि लिहिलं, “जेवलात का?”

खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. मोबाइल वाजला. ऋतुजाने पिठाचे हात घाईघाईने गाऊनला पुसले, वाचलं आणि हसली. केसांची बट कानामागे सारली. मग दोन अंगठ्यांनी भराभर लिहू लागली.

“अजून नाय. तुमची होडी कुठवर आली?”

तो उत्तर न देता तिच्याकडे बघत उभा राहिला. ती मोबाइल हातात धरून वाट बघत होती. एक मिनिट, दोन मिनिटं. तिने तो ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला. नवरा कंपनीतून यायला उशीर करतो तेव्हा ती अशी वाट बघते का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला.

शेवटी त्याने प्रणितला वाईट करायचं ठरवलं. लिहिलं, “बायकांनी एवढा वेळ मोबाइलवर घालवू नये. घरी नवरा काही बोलत नाय?”

हे वाचून ती बोलणं तोडेल असं त्याला वाटलं होतं. तिने पाटावर बसून सावकाश लिहिलं.

“नवरा चांगला हाय. कधी अडवलं नाय. पण मी काय सांगायला गेले की ऐकल्यासारखं करतो. तुम्ही विचारता, म्हणून तुमच्याशी बोलते. आज तुमचं काहीतरी बिनसलंय वाटतं. उद्या बोलू.”

तिने प्रणितला माफसुद्धा करून टाकलं होतं.

तो घरात आला. जेवायला बसला. वांग्याची भाजी होती, त्याच्या आवडीची. ऋतुजा समोर बसून जेवत होती, मान खाली घालून, मनाने आणखी कुठेतरी. आपण समोर आहोत आणि ती खांबच्या माणसाचा विचार करतेय, हे त्याला सहन झालं नाही.

“जनी विकली तेव्हा तू बंदरावर का गेली नाहीस गो?” तो म्हणाला.

तिचा घास हातातच राहिला.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

तो भाजीकडे बघत राहिला.

“हे मी आईलापण सांगितलं नाय,” ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या खिशातल्या मोबाइलवर गेली आणि तिथेच थांबली. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. “खांबचा प्रणित.”

“व्हय.”

ती भांडेल, रडेल, ताट ढकलेल असं त्याला वाटलं. तिने घास तोंडात घातला, चावला, पाणी प्यायली.

“म्हणजे तिथंपण तुम्हीच,” ती म्हणाली.

तिने ताट उचललं, उरलेलं झाकून ठेवलं आणि भांडी घासायला बसली. तो “ऋतुजा” म्हणाला, तेव्हा तिने नळ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याने मोबाइल उघडला. ‘जनी गटातून बाहेर पडली’ एवढी एकच ओळ होती. नकाशावर तिची होडी मात्र दिसत होती, खाली दक्षिणेच्या थंड समुद्रात, पूर्वेकडे जाताना. तिच्या मागे चारशे मैलांवर त्याची. तो बघत असतानाच तिच्या होडीचं टोक वळलं आणि ती आणखी दक्षिणेला निघाली, जिथे वारा जास्त होता आणि लाटाही. तिने ठेवलेला कोन त्याला दिसत होता. तोच कोन ठेवला असता तर तिच्या मागे जाता आलं असतं. त्याने अंगठा टेकवला आणि उचलला. रोह्यात उतरायच्या आधी त्याने खेळातलं प्रणितचं खातं काढून टाकलं.

घरात बोलणं चालू होतं, पण गॅस आला का, दूध किती घेऊ, एवढ्यापुरतं. तिचा मोबाइल आता वाजत नव्हता. ती नकाशा बघायची ती त्याच्याकडे पाठ करून. ते हसू त्याला पुन्हा दिसलं नाही. त्याला कोणाचाही हेवा वाटायचं कारण आता उरलं नव्हतं, आणि घर फार शांत झालं होतं. कारखान्यातून आल्यावर ती बोटांवरचा काळा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसत बराच वेळ पायरीवर बसून राहायची.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारी ती चटईवर बसून मोबाइल बघत होती. मितेश तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसला. बोलायचं ठरवून आला होता.

“आज जनी कुठं हाय?” त्याने विचारलं.

तिने मान वर केली नाही. “तुमच्या मोबाइलवर दिसते ना.”

“नाय दिसत. मी ते काढून टाकलं.”

“काय काढून टाकलं?”

“प्रणित. खातं, होडी, सगळं. त्याच दिवशी.”

आता तिने त्याच्याकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती, पण ती त्याला अपेक्षित होती त्या कारणासाठी नव्हती.

“अशी मधेच? एवढ्या खाली आणून?”

“मग काय करणार होतो?”

“किनाऱ्याला तरी लावायची,” ती म्हणाली. “पार ऑस्ट्रेलियाच्या खालपर्यंत आली होती ती. पहिल्यांदा चालवणाऱ्यांपैकी निम्मी माणसं तिथवर पोचत नाय.”

 तिने चारशे मैलांवरून रोज बघितली होती ती होडी नवऱ्याची, की प्रणितची, हे विचारायचा मोह त्याने गिळला.

 तिने मोबाइल चटईवर दोघांच्या मधे ठेवला. निळ्या नकाशावर वाऱ्याचे जांभळे पट्टे सरकत होते आणि त्यांच्या कडेने एक ठिपका, कोणत्याही जमिनीपासून हजार मैल दूर, चालला होता.

“क्लेअर इथं हाय,” ती बोट दाखवत म्हणाली. “मी इथं. संध्याकाळी वारा फिरणार. त्याच्या आधी मला वळायला पायजे.”

“कुठं वळणार?”

तिने त्याच्या तोंडाकडे क्षणभर निरखून पाहिलं. तो खरंच विचारतोय का, ते बघत असावी.

“बघा,” ती म्हणाली. “पण हात लावू नका.”

मितेशने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि वाकून बघू लागला.