पलंगाखालचा खटका

“काका, ही गादी सपाट कशी?”

ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरने काकूंच्या कमरेखाली हात घातला होता. रोज टम्म फुगलेली असणारी हवेची गादी आज पार बसली होती. तिच्या बोटांना थेट पलंगाची फळीच लागत होती.

खटकेकाका गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभे होते. खटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वीज कंपनीत मीटर वाचण्यात हयात गेली, आणि निवृत्तीनंतरही ज्याच्या घरी जातील त्याच्या भिंतीवरचे खटके बंद करत सुटायचे, म्हणून पडलेलं नाव. “रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद झाला नाही हो,” ते सांगायचे. “एक डोळा उघडा ठेवून पडलाय. तो लाल ठिपका दिसतो ना, तो तुमची वीज पितोय.” लोक हसायचे, पण उठून खटका बंद करायचे. काकांना तेवढं पुरे असायचं.

“रात्री वीज गेली असेल,” काका म्हणाले.

सिस्टरने वाकून पलंगाखाली पाहिलं. “वीज गेली म्हणून खटका बंद होत नाही, काका. पंपाचा खटकाच बंद आहे.”

खटका बंद असणारच होता. रोज संध्याकाळी काकूंना सांभाळणाऱ्या मावशी घरी गेल्या की काका घरभर फेरी मारायचे. टीव्ही, मायक्रोवेव्ह, चार्जर, आणि शेवटी पलंगाखालच्या पंपाचा हिरवा दिवा. सायकलच्या ट्यूबमध्ये एकदा हवा भरल्यावर पंप कोण लावून ठेवतं, असा त्यांचा सरळ हिशेब. सकाळी मावशी यायच्या आत मात्र ते पंप गुपचूप चालू करून ठेवायचे, उगाच कटकट नको म्हणून. आज ते राहून गेलं होतं. आज मावशी येणारच नव्हत्या.

काल त्यांनीच मावशींना कामावरून काढलं होतं. अर्धांगवायूने काकूंची वाचा आणि उजवी बाजू गेल्यापासून काकूंचं सगळं मावशीच करत आल्या होत्या. पण कमरेवरची जखम भरायचं नाव घेईना, तेव्हा काकांचा त्यांच्याशी खटका उडाला. “कूस बदलायला नको तुम्हाला. मोबाइल घेऊन बसायला हवं,” असं काका तोंडाला येईल ते बोलले. मावशींनी वाद घातला नाही. काकूंच्या केसांवरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि गेल्या.

“हा पंप नुसती हवा भरत नाही,” सिस्टर सांगत होती. “हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात खेळवत राहतो, म्हणून अंगाचा भार एकाच जागी पडत नाही. बंद केला की गादी हळूहळू बसते. मग काकू रात्रभर फळीवर.”

“उं,” पलंगावरून आवाज आला.

काकांनी तो आवाज ओळखला. रोज ते पलंगाखाली वाकले की काकू अगदी असाच आवाज काढायच्या, डावा हात चादरीवर घासत. आणि काका म्हणायचे, “हो गं, केलं बंद. झोप आता.” सगळा संसार काटकसरीने केलेली बायको. ती आपल्याला शाबासकी देतेय, असंच त्यांना वाटायचं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंच्या डोळ्यांकडे बघायचा त्यांना धीर होईना.

“मीच बंद करायचो,” ते म्हणाले. “रोज.”

सिस्टरने खटका दाबला. पंप घुरघुरू लागला. काकांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

“काकू बऱ्या आहेत ना?” मावशींनी आधी तेच विचारलं. “मला काल झोप लागली नाही, काका. मी जेवायला जाते तेव्हाच कूस बदलायची राहत असेल. चुकलंच माझं.”

‘असू द्या, या परत’ हे शब्द काकांच्या अगदी ओठांवर आले. एवढ्यावर सगळं झाकलं गेलं असतं. सिस्टर जखम पुसत होती, ती मध्ये बोलली नसती. पण काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

“तुमचं काही चुकलं नाही, मावशी,” काका म्हणाले. “तुम्ही गेल्यावर मी पंप बंद करायचो. आणि तुम्ही यायच्या आत चालू करायचो. तुम्हाला कळू नये म्हणून.”



“काकूंना ठाऊक होतं?” मावशींनी हळूच विचारलं.

काकांनी चादरीवरच्या काकूंच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“येते मी,” मावशी म्हणाल्या. “त्यांच्यासाठी येते.”

त्या आल्या. दिवसभर काकांशी कामापुरतंच बोलल्या आणि संध्याकाळी घरी गेल्या. काकांनी आज फेरी मारली नाही. टीव्हीचा लाल ठिपका तसाच राहिला. पंपाच्या खटक्यावर त्यांनी दुपारीच चिकटपट्टी लावून टाकली होती. ते काकूंचं पांघरूण सारखं करायला वाकले, तसा त्यांचा चष्मा निसटून खाली पडला. तो उचलायला ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पलंगाखाली हात घातला.

“उं,” काकू म्हणाल्या. डावा हात चादरीवर जोरजोरात घासू लागला.

काका तसेच थांबले. मग त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि काकूंना दिसतील असे पलंगाच्या कडेवर उपडे ठेवले. चादरीवरचा हात थांबेपर्यंत त्यांनी ते हलवले नाहीत. चष्मा खालीच राहिला.