विमानाच्या नाकावरची काडी

काडी हलू लागली तशी दोन-अडीचशे माणसं गप्प झाली. पिवळ्या, दोन माणसं बसतील एवढ्याच विमानाच्या नाकावर, काचेच्या पुढे, वीतभर तार उभी होती. तिच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला. आत सीटवर शाल पांघरून विमानबाबा डोळे मिटून बसला होता आणि पुटपुटत होता. पंखावर फडकं अंथरलेलं, फडक्यावर एका बाईनं आपल्या घराच्या भिंतीतून खरवडून आणलेली मूठभर माती. तारेला कुणाचा हात लागत नव्हता. वारा पडलेला होता. तरी तार हळूहळू खाली चालली, पाताळातून कुणी ओढून घ्यावी तशी. शेवटी गोंडा विमानाच्या नाकाला टेकला.

"धरणी शांत हाय," बाबा म्हणाला. "जा माय, आपल्या घरात जा."

बाईनं पंखावर डोकं ठेवलं. तिच्या मागे मातीची गाठोडी घेऊन रांग उभी होती, ती पार बाभळीपर्यंत गेली होती.

हे १९९३ सालच्या नोव्हेंबरातलं. किल्लारीच्या भूकंपाला दीड महिना होऊन गेला होता. आमचं गाव निलंग्याच्या बाजूचं. आमच्याकडे माणसं कमी गेली, पण भेगेवाचून एक घर उरलं नव्हतं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर मणामणाच्या मातीचं माळवद. सगळं गाव शेतात, सरकारनं दिलेल्या पत्र्यांच्या आडोशाला राहत होतं. दिवसा पत्रे तापायचे, पहाटे थंडीनं पोरं कुडकुडायची, आणि मधूनच जमीन पुन्हा थरथरायची. प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न होता, घरात जायचं कधी? एक साहेब येऊन दारांवर खडूनं आकडे घालून गेले होते. ते परत आले नाहीत. मग उत्तर बाबानं दिलं.

विमान मूळचं अमृतरावांचं. त्यांची कापसाची जिनिंग होती, आणि गावाबाहेरच्या माळावर त्यांनी स्वतःची धावपट्टी केली होती. माणूस मोठा हौशी. विमानासाठी घरीच काहीबाही बनवायचे. इंजिनात चिमण्या घरटं करतात म्हणून तुपाच्या डब्याचं घुबड केलं, तर चिमण्यांनी घुबडातच घरटं केलं. जमीन जवळ आली हे कळावं म्हणून चाकाखाली बांबूची काठी लोंबकळत सोडली आणि तिला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. काठी जमिनीला घासली की घंटी वाजायची. एकदा ज्वारी कमरेच्या वर आलेली असताना ती शेजारच्या शेतावरच वाजली. अमृतराव लगेच उतरले, ज्वारीतच. मी गावच्या शाळेत मास्तरीण. दरवर्षी पाचवीचा वर्ग घेऊन त्यांच्याकडे जायची. ते प्रत्येक वस्तू पोरांना हाताळू द्यायचे आणि पोरांच्या आधी स्वतःच हसायचे.

भूकंपाच्या आदल्या वर्षी ते वारले. मुलं पुण्याला. विमान आणि शेड राहिलं मलप्पाकडे. हा मलप्पा त्यांचा मिस्त्री, पंधरा वर्षं नट-बोल्ट पिळणारा. भूकंपानंतर तीन आठवड्यांत त्याची दाढी वाढली आणि तो विमानबाबा झाला.

बोलणं तयार होतं. पुष्पक जमिनीवर उतरतं तेव्हा त्याचं मन धरणीशी जोडलेलं असतं म्हणे. शेषाच्या फण्याची हालचाल आधी पुष्पकाला कळते, मग माणसाला. विमानाजवळ पेट्रोलचा वास यायचा, तो त्यानं पाताळाचा वास ठरवला. मंत्र कधी लांब असायचा, कधी आखूड, आणि तार टेकली की बरोबर संपायचा. काडी वर चढली तर नऊ नारळ घेऊन पुढच्या सोमवारी यायचं. खाली गेली तर घरात जायचं, आणि ज्याचं घर शांत निघालं त्यानं आपले सरकारी पत्रे पुष्पकाला वाहायचे. आता त्यांची गरज काय? शेडमागे पत्र्यांची थप्पी वाढायची आणि ट्रक आला की कमी व्हायची. तेव्हा लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. बारावीची पोरं दहा जिल्ह्यांतून येत होती आणि त्यांना बसवायला, निजवायला मिळेल त्या जागेवर पत्र्याचे हॉल उभे राहत होते. आमच्या गावाचं छप्पर तिकडे चाललं होतं.

मी हे सगळं ऐकून होते, आणि हसण्यावारी नेत होते.

मग एका दुपारी माझी शेजारीण सरजाबाई पत्रे सोडताना दिसली. तिची लेक राजश्री बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. पोर नाजूक, रात्रभर खोकायचं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सरजाबाईनं तिच्या कानाला फडकं बांधलेलं, खाटेखाली शेगडी ठेवलेली. काडी खाली गेली होती. गुरुवारी लेकीला आणि नातवाला घरात न्यायचं ठरलं होतं.

मी तिला भिंतीची भेग दाखवली. तिनं ती रोज पाहिलेली होती.

"बाई, तुमी पुस्तकातलं सांगताव," ती म्हणाली. "म्या माझ्या डोळ्यानं काडी खाली जाताना पाह्यली. तुमी पाह्यली का?"

पाहिली नव्हती. पण ती काडी कशाची, हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं.

बुधवारी मी तिच्याबरोबर माळावर गेले. शाळेतून गाठोडं बांधून नेलं होतं. सुरुवातीला सांगितली ती बाई माझ्या पुढेच होती; ती उठली आणि माझी पाळी आली. घर कुठलं, पत्रे किती, हे बाबानं विचारलं. पत्रे बारा, असं मी सांगितलं. मंत्र सुरू झाला, तार खाली गेली, धरणी शांत झाली. मग मी गाठोडं उलटं करून रांगेला दाखवलं. आत खडूची भुकटी होती.

काही जण हसले. बाबा हसला नाही. देवाची परीक्षा घेणाऱ्याचा वंश बुडतो, असं तो म्हणाला. मला वंश नव्हताच, त्यामुळे मी पुढे झाले आणि तारेच्या बुडाशी असलेलं झाकण फिरवलं. तार झाकणासकट वर आली. तिच्या खालच्या टोकाला मुठीएवढं बूच होतं, पेट्रोलनं निथळणारं.

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. काचेपुढे पेट्रोलची टाकी आहे. तिच्यात हे बूच तरंगतं. पेट्रोल किती उरलं ते उडवणाऱ्याला कळावं म्हणून बुचाला तार लावलेली असते. पेट्रोल भरलं की तार वर, संपलं की खाली. अमृतरावांनी सीटमागे खालच्या अंगाला जास्तीच्या पेट्रोलचा डबा बसवला होता. सीटजवळ हातपंप आहे, तो मारला की डब्यातलं पेट्रोल वरच्या टाकीत चढतं. तोटी सोडली की पुन्हा डब्यात उतरतं. बाबाची शाल थंडीसाठी नाही.

मलप्पाला दोघांनी खाली ओढलं. मी झाकण बसवलं, आत चढले आणि पंप मारू लागले. गोंडा वर आला. तोटी सोडली. गोंडा खाली गेला. मंत्राशिवाय.

ओरडाआरडा होईल असं मला वाटलं होतं. पण रांगेतून इरण्णा पुढे आला. त्याच्या बायकोनं, गंगम्मानं आणलेली माती पहिल्याच आठवड्यात शांत निघाली होती. सहा दिवसांपूर्वी एका हलक्या धक्क्यानं माळवद बसलं. इरण्णा बाहेर बैलाला पाणी पाजत होता. ती चुलीपुढे होती.

"बाई, परत करा," तो म्हणाला.

मी पंप मारला. गोंडा वर आला.

"आता खाली."

मी तोटी सोडली. तो गोंड्याकडे बघत राहिला. त्यानं मला पाच वेळा तसं करायला लावलं. पाचव्यांदा म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय," आणि मातीचं गाठोडं तिथंच ठेवून निघून गेला. ती माती कशाला आणली होती, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

घरापाशी आल्यावर सरजाबाई म्हणाली, "विमान खोटं निघालं. पन म्हून घर पडंलच, असंबी न्हाई ना?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तपासू. वहीचं पान फाडून पट्ट्या केल्या, कणकेची खळ शिजवली आणि भिंतीतल्या तिन्ही भेगांवर पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग थांबली असेल तर कागद तसाच राहील, वाढत असेल तर फाटेल. चार दिवस थांबायचं तिनं कबूल केलं. पत्रे गेलेच होते, म्हणून माझ्या आडोशात राजश्रीची खाट टाकली.

चौथ्या सकाळी दोन पट्ट्या शाबूत होत्या. तिसरी मधोमध फाटली होती. सरजाबाईनं फटीत नख घालून पाहिलं.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

तिनं आतली भांडी बाहेर काढली. ती भिंत पुढे आपणहून पडली नाही, पाडून घेतली. ते पोर आता लातुरातल्या एका चिंचोळ्या गल्लीतल्या क्लासमध्ये गणित शिकवतं.

मलप्पा चार-सहा महिने आत बसून आला. पुढे तो लातुरात परीक्षेआधी पेनं भारून देत असल्याचं मी ऐकलं. त्याला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही, कारण भ्यालेल्या माणसाला उत्तर हवं असतं, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा चार दिवस थांबायला सांगतं.

म्हणून सांगते. कुठलीही काडी हलली की हात जोडण्याआधी तिचं झाकण उघडून पाहा. उघडू देत नसतील तर त्यातच काय ते समजा. आणि ज्याला आत काय आहे ते ठाऊक आहे, त्यानं घरी बसून हसू नये. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माळावर जायला मी तीन आठवडे लावले. गंगम्मा त्या तीन आठवड्यांत गेली.