उभीच आहेस तर

बोटं भिंतीवर जेमतेम खांद्याच्या वर चढली होती, तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला, "उभीच आहेस तर चहा टाक ना जरा."

माझा नवरा वाईट माणूस नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत आले. पण त्या क्षणी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी नव्हते, व्यायाम करत होते. उजवा खांदा आखडून बसला होता. हात पुढे जायचा, पण वर जायचा नाही. केस विंचरायचे तर हात डोक्याकडे न्यायच्या ऐवजी डोकं हाताकडे न्यावं लागायचं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळं नीट दाखवलं होतं: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत जायची, दुखेल तिथे थांबून दम धरायचा, सकाळ-संध्याकाळ, मध्येच न सोडता. "खंड पडला तर हात असाच राहील हं, ताई," असं त्यांनी बजावलं होतं.

मी मध्येच सोडलं आणि चहा टाकला. याबद्दल मला नवऱ्यापेक्षा जास्त माझाच राग येतो.

हात असाच राहिला तर काय होईल, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी टपाल कचेरीत पत्रं वेगळी करते. समोर कप्प्यांचं उंच कपाट असतं, एकेका वस्तीचा एकेक कप्पा, आणि पत्ता वाचून होईपर्यंत पत्र त्याच्या कप्प्यात पडलेलं असावं लागतं. मला ते काम आवडतं. लोकांना हसू येईल, पण त्या कपाटापुढे उभी राहिले की मी कुणाची कुणी नसते, नुसती मी असते. आता वरच्या ओळीपर्यंत हात पोचत नव्हता. तिथली पत्रं बाजूला साठायची आणि शेजारची बाई तिचं उरकून माझी टाकायची. साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. आम्ही त्यांना शिट्टी म्हणतो, कारण ओरडण्याआधी ते शीळ घालतात. त्या दिवशी शीळ नाही की ओरडा नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाले की महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीच जमलं तर तळघरात पोती बांधायला बसा, तिथे हात वर करावा लागत नाही.

रात्री जेवताना मी घरच्यांना सगळं सांगितलं. हाताला व्यायाम हवा, असं मी म्हणाले. झालं, सगळे मदतीला धावले. सासूबाईंनी कपाटातल्या जाड चादरी काढून माझ्यापुढे ठेवल्या, म्हणाल्या, झटक म्हणजे हात मोकळा होईल. नवऱ्याला पंख्यांवरची धूळ आठवली. लेकीने फोनमधून डोकं वर काढून सांगितलं, "आई, पहाटे उठत जा ना. वेळ काढला की निघतो." दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. सासूबाई जाग्याच होत्या. उठलीच आहेस तर पाणी तापव, म्हणाल्या. गच्चीवर गेले तर येताना वाळलेले कपडे घेऊन आले. कचेरीत हात धुवायच्या खोलीतल्या भिंतीवर बोटं चढवायला लागले, तर पाठीमागे बायका ताटकळल्या आणि एकीने मला चक्कर येतेय समजून पाणी आणलं.

आमच्या घरात व्यायाम होत नाही असं मुळीच नाही. नवरा रोज सकाळी फिरायला जातो. तो बूट घालायला लागला की घर दबक्या पावलांनी चालतं. त्याला कुणी हाक मारत नाही, परत येताना दूध आण असंसुद्धा सांगत नाही, कारण चालण्याची लय बिघडते. तो आला की खुर्ची मोकळी, पंखा सुरू आणि हातात पाण्याचा पेला. मीही वर्षानुवर्षं तो पेला दिला. त्याचा तो व्यायाम आणि माझं ते नुसतं उभं राहणं, हे कुणी आणि कधी ठरवलं, देव जाणे.

त्यातल्या त्यात आतल्या खोलीत, दार आणि खिडकीच्या मध्ये, एवढी एकच भिंत रिकामी होती. बाकी सगळीकडे कपाटं, पलंग आणि टीव्ही. एका संध्याकाळी कामावरून आले तर त्या भिंतीला टेकून व्यायामाची सायकल उभी. चाक नसलेली, जागच्या जागी पायडल मारायची. कुणा मित्राकडे पडून होती, नवऱ्याने उचलून आणली होती. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. तिच्या दांड्यावर सासूबाईंनी ओले टॉवेल वाळतही घातले होते.

"तुझ्यासाठीच आणली," नवरा म्हणाला. चेहरा असा, की आता मी कौतुक करायचं. "व्यायाम व्यायाम करत होतीस ना?"

मी पिशवी खाली ठेवली. "माझा हात आखडलाय. पाय धडधाकट आहेत. दिवसभर तुमच्या सगळ्यांसाठी तेच तर पळतात."

"अगं, पण व्यायाम तो व्यायाम."

"मला ही भिंत हवी होती. नुसती भिंत. आणि तिच्यापुढे उभी असताना मला कुणी हाक मारायला नको होती. ह्याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं."

लेक फोनकडे बघत राहिली. सासूबाई एवढंच पुटपुटल्या की चांगलं करायला जावं तर हे असं. मी सायकल एका हाताने ओढून पाहिली, ती तसूभरही हलली नाही. उठून दुसऱ्या बाजूला हात लावावा, असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. नवरा रुसला. दोन दिवस अबोला धरला आणि शेवटी घरात शांतता हवी म्हणून मीच बोलले. सायकल तिथेच राहिली.

महिना संपला तेव्हा साहेब स्वतः माझ्या कपाटाशी येऊन उभे राहिले. वरच्या ओळीचं एक पत्र माझ्या हातात दिलं. मी दात-ओठ खाऊन हात उचलला. डोळ्यांत पाणी आलं, पण हात त्याखालच्या ओळीशीच अडला. साहेबांनी माझ्या हातातून पत्र अलगद काढून घेतलं आणि कप्प्यात टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मी तळघरात असते. पोत्याचं तोंड आवळायचं, गाठ मारायची, पुढचं पोतं ओढायचं. अंगाला सुतळीचा वास येतो. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या वर उन्हात जातात आणि खाली मी एकटी उरते. तिथे एक लांबलचक भिंत आहे, पोपडे आलेली, तिला टेकून काहीही ठेवलेलं नाही. मी रोज तिच्यापुढे उभी राहते. कुणी चहा मागत नाही, कुणी पाणी तापव म्हणत नाही. दुखतं तिथे थांबते, दम धरते, मग पुढे चढते.

काल हात सरळ वर गेला. दंड कानाला लागला. वर माझ्या कपाटापुढे आता एक नवी बाई उभी असते, चांगली आहे बिचारी, तिचा काय दोष. घरी मी ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं, तर नवरा म्हणाला असता, बघ, वेळ काढला की होतं सगळं. ते मला ऐकायचं नव्हतं. काल सुट्टी संपून वरून बायकांच्या चपला जिन्यावर वाजायला लागल्या, तरी मी हात खाली घेतला नाही.