एक वर, एक खाली

जाड पडदा त्याने अर्ध्यापर्यंत सरकवला आणि हात दोरीवर तसाच ठेवून तो उभा राहिला. सभागृहात आलेला उजेड अगदी साधा होता; कोणत्याही सकाळी, कोणत्याही खोलीत यावा तसा. आधी तो खिडकीच्या कठड्यावरच्या धुळीपाशी थबकला, मग रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवरून ओघळत लांब टेबलापर्यंत आला. पाण्याच्या पेल्यांत जरा रेंगाळला आणि सावकाश बाबांच्या हातांवर चढला. वर्षभरात त्या हातांची कातडी सैल झाली होती. उजेडाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

"बस की आता," बाबा म्हणाले. "पडदा काही पळून जात नाही."

खुर्च्या भरू लागल्या. प्रोस्टेटच्या कर्करोगावर यापुढे कशाचे संशोधन आधी व्हावे, हे ठरवायला रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर एकत्र आले होते. टेबलावर कार्डे मांडलेली. प्रत्येकावर एक प्रश्न.

"एखादं कार्ड वर घ्यायचं असेल," संचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तर त्यासाठी खाली कोणतं जाईल, तेही तुम्हीच सांगायचं."

"आणि मी मधेच उठून गेलो तर रागावून गेलो असं समजू नका," समोरचे निवृत्त कंडक्टर म्हणाले. "आमच्या गाडीला हल्ली थांबे फार झालेत."

सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले.

तो हसला नाही. तो एकाच कार्डासाठी आला होता : 'इंजेक्शनांचा परिणाम ओसरल्यावर पुढे काय?' बाबांचा आजार हाडांत उतरला होता आणि इंजेक्शने चालू असूनही रक्ततपासणीत आजाराचा आकडा चढत होता. तीच तपासणी त्याने दुसऱ्या प्रयोगशाळेत करून घेतली होती. तिथेही तोच आकडा आला, तेव्हा त्याने दोन्ही प्रयोगशाळांना मनातल्या मनात बेजबाबदार ठरवले होते.

चार माणसांत तोंड न उघडणारा तो, आपली पाळी येताच म्हणाला,

"हे सर्वांत वर हवं."

"आणि खाली?"

त्याचे बोट शेजारच्या कार्डावर पडले. 'रुग्णांच्या मुलांची तपासणी कोणत्या वयापासून करावी?'

"हे. याची काही घाई नाही."

बाबांनी चष्मा लावला. दोन्ही कार्डे शांतपणे वाचली, आणि त्यांची अदलाबदल केली.

"मुलांचं वर. इंजेक्शनचं खाली."

"बाबा, ते तुमचं कार्ड आहे!"

"माझं कसलं? डॉक्टर, याचं उत्तर यायला किती वर्षं लागतील?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सर्जनने पेन खाली ठेवले. "दहा. कदाचित जास्तच."

"ऐकलंस? तेव्हा तू चाळिशी ओलांडलेली असशील."

"मला काही झालेलं नाही."

"तुझ्या आजोबांनाही तुझ्या वयात काही झालेलं नव्हतं. मलाही नव्हतं."

त्याचा आवाज चढला. "म्हणजे तुम्ही हात टेकलेत?"

"हात टेकले असते तर इथवर आलो असतो का, वेड्या? जिना चढताना जीव मेटाकुटीला आला होता."

कंडक्टर हसायला गेले आणि मधेच थांबले. कोणीतरी पेला उचलून न पिताच खाली ठेवला.

बाईंनी मत मागितले. बाबांच्या बाजूने हात वर आले, त्याच्या बाजूनेही आले. कंडक्टर बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. "बापलेकांच्या मधे पडू नये," असे पुटपुटत त्यांनी बाबांच्या बाजूने हात वर केला. आता दोन्हीकडे सारखे झाले होते, आणि त्याचा हात अजून मांडीवरच होता.

"तुमचं?" बाईंनी हळू विचारले.

त्याने बाबांकडे पाहिले. बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते शर्टाची सैल पडलेली बाही दुमडत होते. एक घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा उलगडली. त्याला वाटले, त्यांनी एकदा तरी वर पाहावे, म्हणजे नाही म्हणता येईल. त्यांनी पाहिले नाही.

त्याने इंजेक्शनचे कार्ड आपल्याच हाताने खाली सरकवले.

बाबा बरे होणार नव्हते.