त्राटिकेच्या तोंडी घातलेले शब्द

मी त्राटिका बोलतेय. खरं तर आम्ही बोलत नाही. बोहाड्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या चैत्रातल्या मुखवट्यांच्या नाचातल्या, सोंगाला तोंड असतं, जीभ असते, माझी तर चांगली वीतभर लांब आणि तांबडीलाल आहे. पण वाचा नसते. ज्याने सोंग तोंडावर चढवलं, त्यानेही ते उतरेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत, असा आमच्या गावचा नियम आहे. आता तुम्ही मला वाचताय, ऐकत नाही, एवढी पळवाट मी काढली. राक्षसीणच मी, एवढं चालायचंच.

माझा जन्म साखरशेत गावात, गोरखच्या बापाच्या पडवीत झाला. आधीचं लाकडी सोंग वाळवीने खाल्लं म्हणून म्हाताऱ्याने कागदाचं करायला घेतलं. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. जीपमधून उधळलेली पिवळी-गुलाबी पत्रकं पाड्यापाड्यावर पडली होती. म्हाताऱ्याने ती गोळा केली, एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन पक्षांची पत्रकं एकाच पातेल्यात भिजत घातली, मेथीची पूड आणि डिंक घालून कुटली. आठ दिवसांत सगळी आश्वासनं विरघळली. त्या मुक्या लगद्यातून मला नाक आलं, सुळे आले, डोळ्यांची दोन भोकं आली.

म्हातारा गेल्यावर मला नाचवण्याचा मान गोरखकडे आला. वर्षभर मी लाल फडक्यात बांधलेली, पत्र्याच्या डब्यात, आढ्याला टांगलेली असायचे. चैत्रात नारळ फुटला की फडकं सुटायचं. सगळी सोंगं अंधारात नाचून जायची आणि उजाडता उजाडता, गावच्या वाजंत्र्या रघ्याच्या संबळावर, मी निघायचे. पोरं किंचाळून पळायची. बायका मला ओवाळायच्या आणि तान्ह्या लेकरांना माझ्या लुगड्याचा पदर लावून घ्यायच्या. वर्षभर बांधावरून भांडणारी माणसंही माझ्यापुढे शेजारी शेजारी वाकायची. मी कुणाची बाजू घेते, असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बोहाड्याच्या टेंभ्यांना लागणारं तेल दरसाल जव्हारच्या हरिभाऊ शेठकडून यायचं. त्यांचं मसाल्याचं दुकान. मुलगा सुशील शिकून आला आणि त्याने दुकानाची कंपनी केली. एका श्रावणात बापलेक आमच्या घरी आले.

"गोरख, त्राटिकेची एक तसबीर काढू दे," हरिभाऊ म्हणाले. "दुकानात लावू म्हणतो."

गोरखची बायको माघी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आता कशी काढायची? चैताला अजून लय दीस हायती."

पण इतक्या वर्षांचं तेल! गोरखला नाही म्हणवेना. त्याने नारळ न फोडता, बोहाडा नसताना, भरदिवसा माझं फडकं सोडलं. सुशीलने पुढे केलेल्या कागदावर अंगठाही दिला. त्याला वाटलं, तसबिरीची पोचपावती असेल.

पुढच्या महिन्यात माझं तोंड तिखटाच्या पुडीवर आलं. त्राटिका मसाला! मला आवडलं, खोटं कशाला बोलू. ठाण्याला बांधकामावर गेलेली आमची माणसं पुडी बघून गावच्या आठवणीने डोळे पुसतात, असं रघ्या सांगायचा. मी आढ्याला टांगल्या टांगल्या फुगायचे.

मग धरणाचं निघालं. दाभोशाकडच्या अंगाला धरण व्हायचं होतं. जव्हारच्या बाजारपेठेला ते हवं होतं. खालच्या पाड्यांची भाताची खाचरं त्यात जाणार, म्हणून त्यांना नको होतं. मोर्चे झाले, सभा झाल्या. सुशीलला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने नव्या पुड्या छापल्या. माझ्या जिभेशेजारी एक पांढरा फुगा आणि त्यात शब्द, 'धरण हवंच!'

माघीने ती पुडी आणून गोरखच्या पुढ्यात ठेवली. दोघांनाही वाचता येत नव्हतं. रघ्याने वाचून दाखवलं. गोरखने आपला अंगठा उलटासुलटा करून बघितला.

आठवडी बाजारात बायकांनी मसाल्याच्या पुड्या दगडावर आपटून फोडल्या. तिखट उडून सगळा बाजार खोकत होता. माझ्या तोंडावर शेण लावलं, पुड्यांची होळी केली. ठाण्याहून निरोप आले की तिकडेही कुणी पुडीला हात लावत नाही. घाबरून सुशीलने दोन महिन्यांत पुडी बदलली. तोंड माझंच, फुगा तोच, आता आत 'धरण नको!' असे शब्द. झालं, बाजारपेठ उसळली. जव्हारच्या गिऱ्हाइकांनी गोणीच्या गोणी परत आणून दुकानापुढे ओतल्या. बाप-लेकाच्या कंपनीला कुलूप लागलं.

कंपनी मिटली, पण मी मिटले नाही. फाटक्या पुड्या वाऱ्याने रानभर झाल्या. करवंदीच्या जाळीत माझी तोंडं अडकली, ओहोळात तरंगली, चुलीत अर्धी जळून बाहेर पडली. वारा सुटला की पडवीत चार-दोन सरपटत यायच्या. डब्यात लोंबकळत मी त्यांची खसखस ऐकायचे. हवंच, नको, हवंच, नको. आवाज माझाच वाटायचा. मी कधी बोलले, हे आठवून बघायचे आणि मला माझीच भीती वाटायची.

चैत्र आला. पंच म्हणाले, त्राटिका यंदा नाचणार नाही. बाटलेलं सोंग ओढ्यात सोडून द्या. गोरख म्हणाला, एकदा नाचवतो, मग काय ते ठरवा. उजाडता उजाडता त्याने मला चढवलं. रघ्याने संबळ गळ्यात अडकवला होता, पण टिपरू मारलं नाही. गोरख नुसत्या घुंगरांवर नाचत निघाला. दारं उघडी होती, माणसं उभी होती, पण कुणी ओवाळायला आलं नाही. बायकांनी लेकरं पदराआड घेतली.

मारुतीपाशी धाकली आडवी आली. धाकली म्हणजे खालच्या पाड्यावरची म्हातारी, तिची दोन खाचरं धरणात जाणार होती. लहानपणी तिची सगळी लेकरं माझ्या पदराखालून गेलेली. तिच्या हातात एक फाटकी पुडी होती.

"बाय, मना सांग," ती मला म्हणाली. "हे तू बोललीस? आमाला बुडवा म्हणून तू बोललीस?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. आत गोरख होता. तो गप्प राहिला तर मी बोलले असं ठरणार होतं. सोंगाआडून बोलला तर नियम मोडणार, म्हणजे मी खरंच बोलते असं होणार. त्याचा घाम माझ्या कपाळातून झिरपत होता.

त्याने हात वर नेले आणि मला उतरवलं. भर वाटेत, नाच अर्धवट टाकून. असं कुणी केलं तर त्या घराचा मान कायमचा जातो, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हा मी, गोरख," उघड्या तोंडाने तो म्हणाला. "फडकं मी सोडलं. आंगठा मी दिला. ती काय नाय बोलली, आजी. ती कंदीच बोलत नाय."

धाकलीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुडी चुरगाळून तिने कनवटीला खोचली आणि माझ्यापुढे वाकली. कुणाच्या तरी दारातून ओवाळणीचं ताट आलं. रघ्याच्या संबळावर टिपरू पडलं, आणि रघ्या रडत होता.

मी राहिले. ओढ्यात गेले नाही. धरणाचं काय होणार, ते अजून कुणालाच माहीत नाही. यंदा मला दुसऱ्याच घरच्या माणसाने नाचवलं. नाचतो चांगलं, पण त्याचं नाक माझ्या नाकात बसत नाही. आतला लगदा गोरखच्या तोंडाला सरावला आहे, त्याच्या घामाचा वास अजून गेलेला नाही. रानात वारा सुटला की ती खसखसही येते.

बाबांनो, तुम्हाला जे म्हणायचं असेल ते खुशाल म्हणा, पण आपल्या तोंडाने म्हणा. परवा उजाडताना मी नाचत गेले, तेव्हा गोरख गर्दीत उभा होता. हात जोडून माझ्या डोळ्यांच्या भोकांत बघत होता. मलाही त्याच्याकडे बघायचं होतं. पण भोकांमागचे डोळे दुसऱ्याचे होते, आणि ते पुढे बघत होते.