हुबेहूब

ऑर्केस्ट्रावाल्याने लग्न केलं तेव्हा त्याला एका बायकोत चार गायिका मिळत होत्या, आणि चौघींना मिळून रुसवा एकच. सौदा कुणालाही आवडला असता. त्याचा कार्यक्रम ठरलेला: 'सालोसाल'. दर वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं, जुन्यापासून नव्यापर्यंत, ओळीने. लोक आपापल्या सालाची वाट बघत बसायचे. कुणाचं लग्नाचं साल, कुणाचं नापास झाल्याचं.

बायको प्रत्येक गाणं मूळ गायिकेच्या आवाजात गायची. आवाज तर कुणीही काढील, ही त्यांच्या लकबीसुद्धा उचलायची. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याला मूळ गायिकेचा श्वास अडकलाय. रेकॉर्ड तशीच निघाली, तशीच गाजली. ही तिथे नेमकी अडकायची आणि टाळ्या त्या अडकण्याला पडायच्या. ड्रमवाला तिला 'कार्बनवहिनी' म्हणायचा.

तालमीत तिचा स्वतःचा सूर जरा डोकावला की नवऱ्याचं एकच पालुपद. "अगं, इथे तू आलीस! तू मध्ये येऊ नकोस."

"मग जाऊ तरी कुठे?" ती विचारायची. सगळे हसायचे. तीही हसायची.

पुढे तिच्या घशात गाठ निघाली. आवाज अजून शाबूत होता, पण डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही: ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज जाईल.

आदल्या दिवशी मुलीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि मोबाइल उशीपाशी ठेवला. "आई, एक गाणं म्हण. कुठलंही. फक्त तुझ्या आवाजात. मला ठेवायचंय."

"त्यात काय मोठं!" म्हणत आई गायला लागली.

"ही तर चौघींतली पहिली झाली," मुलगी म्हणाली.

आईने घसा खाकरून दुसरं धरलं.

"आता ही नाकात गाणारी. आई, चेष्टा नको ना."

"चेष्टा कोण करतंय?" आईचा चेहरा उतरला. गाजलेली गाणी बाजूला ठेवून तिने अंगाई घेतली, मुलीला पाळण्यात म्हटलेली. दुसऱ्या कडव्याला श्वास अडकला. नेमका, टाळ्या पडायच्या तसाच. मुलीने मान फिरवली.

मग आईने नवऱ्याला हाक मारली. "अहो, लग्नाआधी मी कशी गात होते? तुम्हीच तर ऐकलंय. जरा गुणगुणून दाखवा, मी उचलते."

तो दारात उभा राहिला. कुठल्या साली कुठलं गाणं सगळ्यात गाजलं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस.

"छान गायचीस."

"छान म्हणजे कशी?"

"हुबेहूब," तो म्हणाला.

मुलीने मोबाइल उचलून बंद केला.

ऑपरेशन चांगलं झालं. आई आता खुणांनी बोलते, भांडतेसुद्धा. नवऱ्याने कार्यक्रम बंद केला. खुणांच्या भांडणात तोच हरतो. एका दुपारी मुलीने ते रेकॉर्डिंग लावलं. शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "रेडिओ लावलास का गं? आमच्या वेळचं गाणं! जरा मोठा कर."

आईनेच हात लांबवून आवाज वाढवला.

मूळ गायिकांचं नाव राहिलं, नवऱ्याचा कार्यक्रम गाजला, लोकांना आपली सालं परत मिळाली. भरणा सगळा तिचा. पावती तेवढी दुसऱ्यांच्या नावाने फाटली.