आत्याचा पासवर्ड आणि बाबांची जीभ

दहा वेळा पासवर्ड चुकला की हार्ड डिस्कमधलं सगळं पुसलं जाणार होतं, आणि आत्याच्या नऊ चुका करून झाल्या होत्या.

आत आत्याने अंध मुलांसाठी वाचून रेकॉर्ड केलेलं अख्खं पुस्तक होतं. बाहेरचा आवाज नको म्हणून आत्या अकरा महिने कपाटात गाद्या लावून बसत होती. ते आज चारपर्यंत पाठवायचं होतं. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन. नंतर हाच आवाज येईल, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. म्हणजे पुन्हा वाचू म्हणायची सोयच नाही.

गेल्या रविवारी डिस्कला हे पासवर्डचं कुलूप बाबांनी लावलं होतं. आत्याने शब्द सांगितला, त्यांनी टाइप केला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आत्ता कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर उभे राहून फोनवर ओरडत होते.

"ताई, तू सांगितलंस तेच टाकलंय! नुस्कान! सगळी अक्षरं लहान, ए एकच!"

"नुकसान म्हण!" आत्या म्हणाली. तिचं हे नेहमीचंच. तिच्यासमोर चुकीचा उच्चार करून कोणी जेवायलाही बसू शकत नाही.

"तेच म्हणतोय! नुस्कान!"

"तेच तर टाकतेय मघापासून! एक ए, दोन ए, मोठं एन..." तिचा आवाज फाटला. तिने गळ्याला हात लावला.

गेल्या वर्षापर्यंत माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नव्हता. आत्याने त्याच कपाटात बसवून मला बोलायला शिकवलं. आता मी शाळेची वक्तृत्व स्पर्धा जिंकलेली पोरगी आहे, आणि घरात माझं नाव भोंगा. भोंग्याने गप्प का बसावं?

"आत्या, सरक."

"भोंग्या, शेवटची संधी आहे गं!"

"माहितेय. तू बाबांचं बोलणं ऐकतच नाहीस. ऐकता ऐकता दुरुस्त करतेस." मी फोन जवळ ओढला. "बाबा, जसं बोलता तसंच लिहिता ना? घरखर्चाच्या हिशेबात रिक्षाला 'रिस्का' लिहिलं होतंत, आठवतंय?"

"मग? रिस्काच तर येते आमच्या कामाला!"

झालं! मी टाइप करायला घेतलं. एन, यू. मग के नाही, एस. त्यानंतर के.

आत्याने डोळे घट्ट मिटले. मी एन्टर दाबलं.

बेचाळीस फायली ओळीने उघड्या पडल्या. मी पहिली लावली. आत्याचा आवाज खोलीभर पसरला, स्वच्छ, घासून पुसून ठेवल्यासारखा.

"आत्ता मात्र मोठं नुस्कान टळलं!" आत्या पुटपुटली.

फोनमधून बाबा गरजले, "ताई, उच्चार!"

घड्याळात तीन पंचवीस झाले होते. मी पाठवायला घेतलं.